डब्यातल्या जंगलात राहिलेली मैनाबाई

वाघानं मला आजवर तीनदा खाल्लं आहे. तिन्ही वेळा एकाच दिवशी, धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात, समाजमंदिराच्या पंख्याखाली. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी खुशाल उठावं आणि महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खावी. पण ज्यांच्या लेखी चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे नकाशाच्या उजव्या कडेला घडीत जाणारा भाग, त्यांनी बसावं. महिन्याभरापूर्वी मीही त्यांच्यातलीच होते.

निमित्त माझा भाचा प्रफुल्ल. हा पुण्यात बसून जगं तयार करतो. डोळ्यांवर बांधायचा एक डबा असतो, तो बांधला की माणूस बसल्या जागी दुसरीकडे जातो. मान वळवावी तिकडे तेच जग, हात पुढे करावा तर त्या जगातला हात पुढे होतो. एका संस्थेनं त्याच्याकडून जंगल करून घेतलं होतं. मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या लोकांनी वाघ समोर आला तर काय करावं, याची त्यात तालीम. खरा वाघ बोलावून तालीम घ्यायची तर वाघ वेळ पाळत नाहीत. प्रफुल्लचा मदतनीस ऐनवेळी जिन्यावरून पडला, तेव्हा तो सांगलीला माझ्याकडे आला. म्हणाला, "मावशी, तू चल. डबे पुसायचे आणि चार्ज करायचे, एवढंच काम."

मी वाघ पाहिलेली बाई आहे. जाळीमागे होता आणि झोपला होता, पण होता वाघच. मी तयार झाले.

मार्कंडा

चंद्रपूरहून निघालो तेव्हा मार्च संपत आला होता. आपल्याकडचं ऊन त्या भागात गेलं तर नव्या सुनेसारखं मान खाली घालून उभं राहील. मूल गावाला चहासाठी उतरले, तर चपलेला डांबर असं चिकटलं की गाडीत परत बसताना माझ्याबरोबर पाव किलोमीटर रस्ता आत आला. प्रफुल्ल म्हणतो, बोटभर डांबर होतं. तो इंजिनीअर आहे, त्याला मोजायची खोड आहे.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते. देवळांच्या भिंतींवर इतकी कोरीव माणसं, की एकेकाला नमस्कार करत गेले असते तर अजून तिथंच असते. दर्शन घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. प्रफुल्लनं तिथंच एक डबा काढून डोळ्यांना लावला आणि हवेत हात फिरवू लागला. शेजारी एक म्हातारी पाय धूत होती. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग मला विचारलं, "पोराले काय झालं व बाई?"

"काही नाही आजी. त्या डब्यात जंगल दिसतं."

"जंगल?" तिनं नदीपलीकडच्या झाडांकडे पाहिलं. "मंग थे काय होय?"

"यातल्या जंगलात वाघ येतो."

"तिथीबी येते."

"पण यातला चावत नाही."

"मंग त्याले वाघ काऊन म्हनता?" असं म्हणून तिनं पाय पुसले आणि ती निघून गेली. प्रफुल्लच्या यंत्राचं इतकं थोडक्यात परीक्षण पुढे कुणालाच जमलं नाही.

धानोऱ्याच्या पुढे

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही गाड्या भरभरून मोह हुंगायला जाल. तो वास असा, की मी गावात पाऊल टाकल्यापासून नुसत्या श्वासावर झिंगत होते. आणि सांगलीला परतल्यावर आठ दिवस शेजारीण मला कुठे जाऊन आलीस असं संशयानं विचारत होती.

आमची उतरायची सोय सोमारीच्या घरी होती. सोमारी चाळिशीची, गोंड घरातली, हात आणि तोंड एकाच वेगानं चालणारी. तिनं भात, लाखोळीची डाळ आणि पानावर लाल मुंग्यांची चटणी वाढली. सांगलीत आम्ही मुंग्या दिसल्या की खडूच्या रेघा ओढतो. इथं त्यांना वाटून कामाला लावतात. पहिल्या घासाला माझे कान वाजले. दुसऱ्याला बरं वाटलं. पाचव्यानंतर मी पान पुसून खाल्लं. प्रफुल्ल मात्र बिस्किटं खात राहिला.

जेवताना माझं लक्ष अंगणाकडे गेलं. अंगण एक, दारं दोन. सोमारीच्या दाराकडची बाजू वाळत घातलेल्या मोहानं पिवळी, आणि दुसऱ्या दाराकडची बाजू सारवलेली, कोरी. मधे कुणी रेघ मारली नव्हती, पण फूल एकही ओलांडून गेलं नव्हतं.

"तिकडं कोण राहतं?" मी विचारलं.

"जाऊ." एवढं बोलून सोमारीनं डाळ आणायला पाठ फिरवली. ज्या बाईनं तासाभरात मला अख्ख्या गावाची नाती सांगितली होती, तिनं जावेवर एकच शब्द खर्चला. मी चौकस बाई नाही. मी फक्त हात धुवायचं निमित्त करून अंगण ओलांडलं.

जावेचं नाव मैनाबाई. उंबऱ्यावर बसून काटक्या मोडत होती. मी सरळच विचारलं, मोह पडून चार दिवस झाले म्हणतात, तुम्ही वेचायला जात नाही, वाघाचं भय बसलंय का?

"वाघाचं कायले?" ती म्हणाली. "थो त वाघासारखाच वागला."

मग तिनं काटक्या मोडता मोडता सांगितलं. या गावात जंगलात जाताना जितकी माणसं सिव, म्हणजे गावाची हद्द, ओलांडून आत जातात, तितकी जमेपर्यंत बाहेर कोणी पाय टाकत नाही. एखादा मागं राहिला तर बाकीचे सिवेवर उभे राहून हाका मारतात. चाळणीनं पाणी भरण्याइतका वेळ त्यानं लावला तरी त्याची वाट बघतात. गेल्या वर्षीच्या मोहात वाघ आला आणि सगळे पळाले. मैनाबाई वारुळामागे दडून राहिली. "एकेकाचं नाव घेऊन हाक देल्ली. कोनी ओ देल्ली नाई. सूर्य डोक्यावर आला तवा एकलीच गावात आली. हे सोमारी दारात उभी व्हती. म्हने, आलीस का व. मी म्हनलं, हव. तवापासून बोलनं नाई."

"मग या वर्षीचा मोह?"

"पडून राह्यला. हरनं खाऊन राह्यले. अस्वलाची मजा हाय."

तिनं हसून सांगितलं, पण हसण्यासारखं ते नव्हतं. संध्याकाळी गावचे भूमिया दसरूभाऊ भेटले. भूमिया म्हणजे गावाचे देव आणि जंगल दोन्ही सांभाळणारा जाणता. त्यांनी समजावलं: मोहाची झाडं घराघराला वाटलेली असतात, दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. मैनाबाईची आठ झाडं. पंधरा-वीस दिवस फूल पडतं, मग वर्षभर नाही. तिचं अर्धं वर्ष त्या आठ झाडांवर निघतं. "आमी सांगून पाह्यलं," दसरूभाऊ म्हणाले. "थे म्हनते, मी येईन, पन सोबत कोनाची सांगा."

"आणि सोमारी काय म्हणते?"

"सोमारी काय म्हनन व बाई? थे बी पळाली ना."

समाजमंदिर

दुसऱ्या दिवशी तालीम. पाच डबे, पाच जण, सगळे एकाच जंगलात. एका टोकाला शिरायचं, दुसऱ्या टोकाला लाल कमान आहे तिथून बाहेर पडायचं. मधे वाघ. पळायचं नाही, एकत्र यायचं, हात वर करायचे, आवाज करत मागं मागं सरायचं. चुकलात तर सगळं लाल होतं आणि एक बाई कानात शुद्ध पुणेरी आवाजात सांगते, "आपण वाघाचे भक्ष्य झाला आहात. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

कसं करायचं ते दाखवायला पहिली मी उभी राहिले. वाघ बांबूतून निघाला आणि मी पळाले. समाजमंदिराच्या भिंतीला नाक लागलं तेव्हाच थांबले. दुसऱ्यांदा झाडावर चढले, म्हणजे बाकावर. तिसऱ्यांदा कमरेवर हात ठेवून त्याला खडसावलं. बाईंनी तिन्ही वेळा तितक्याच प्रेमानं मला भक्ष्य म्हटलं. खिडकीत जमलेलं गाव इतकं हसलं की कौलं सरकली.

मग दसरूभाऊ आणि राजन्ना. राजन्ना सिरोंच्याचे, तेंदूपानाच्या फळीवरचे, म्हणजे पानं विकत घेतात तिथले मुन्शी, हंगामाआधी झाडं बघायला आलेले. इस्त्रीचा सदरा, मराठीला तेलुगूची फोडणी. वाघ दिसताच राजन्ना म्हणाले, "अम्मा, पुली." दसरूभाऊ म्हणाले, "आमच्या गोंडीतबी वाघाले पुल्लीच म्हनते." "अवुना? खरं?" "हव." मग आणखी कोणकोणते शब्द जुळतात ते दोघं पाहू लागले आणि मासे, ताक, सासरा करत असताना वाघानं दोघांनाही खाल्लं.

डबा काढून दसरूभाऊ प्रफुल्लजवळ बसले. "पोरा, जंगल चांगलं हाय. पन वाघ येते आन् वांदर बोलत नाई? पाखरू बोलत नाई? फुलाच्या दिवसात मोहाले गच्च पानं, आन् पहाटंचं फूल भर दुपारी टपटप. हे जंगल मेलं हाय बाबू. अशा जंगलात मी पायच नाई टाकनार."

प्रफुल्लनं ते लिहून घेतलं. तो शिकतो, हे कबूल केलं पाहिजे.

जेवणानंतर पाचही जणांची एकत्र फेरी ठरली: दसरूभाऊ, राजन्ना, सोमारी, मी, आणि पाचवं माणूस मिळेना. मैनाबाई दाराशी बसून मजा बघत होती. प्रफुल्लनं तिला विचारलं. ती म्हणाली, "इथलं दार कुठी हाय थे मले दिसते. दे." तिला चार नंबरचा डबा मिळाला.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. त्या डब्यातल्या जंगलात एक धबधबा होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीला गेले, तेव्हा मी चार नंबरचा डबा घालून तासभर त्या धबधब्याखाली उभी होते. अंगाला थेंब लागला नाही, पण त्या उन्हात नुसतं पाहिलं तरी मला सर्दी झाली. डबे चार्ज करायचं काम माझं होतं, हे मला धबधब्याखाली आठवलं नाही.

फेरी सुरू झाली. प्रफुल्लनं जंगलातल्या सगळ्या बायकांना एकच निळं लुगडं नेसवलेलं, डोक्यावर नंबर. वाघ आला. आम्ही जवळ आलो, हात वर केले, ओरडलो. एवढ्यात मैनाबाई म्हणाली, "मले अंधार दिसून राह्यला." बॅटरी संपली होती. तिनं डबा काढला आणि ती सतरंजीवर जाऊन बसली. कुणीतरी तिच्या हातात चहा दिला.

पण आत, जंगलात, चार नंबरची निळ्या लुगड्यातली बाई तशीच उभी राहिली. एक हात वर, तोंड बांबूकडे.

आम्ही बाकीचे शिकल्याप्रमाणे मागं मागं सरत लाल कमानीला आलो. राजन्ना बाहेर पडले, घंटा वाजली, त्यांना तीन तारे मिळाले. दसरूभाऊंनी पाय उचलला. आणि सोमारीचा आवाज आला, "मैना कुठी हाय?"

"मी इथी हाव," सतरंजीवरून मैनाबाई म्हणाली.

"तू इथी हायस. थे तिथी हाय." आणि सोमारी उलटी फिरली.

प्रफुल्ल म्हणाला, "ताई, तसं नाही ते. त्यांची फक्त बॅटरी संपली."

"मंग बॅटरी संपली म्हनून सोडून येऊ काय?"

सोमारी चालत जाऊन चार नंबरच्या बाईपाशी उभी राहिली, वाघाकडे तोंड करून. दसरूभाऊंनी उचललेला पाय परत आत ठेवला. राजन्ना बाहेर "अम्मा, माझे तीन तारे" म्हणाले, आणि तारे सोडून आत आले. बाहेर पडलेला माणूस परत आत येईल हे प्रफुल्लच्या डोक्यातच आलं नव्हतं, म्हणून ती कमान बंद करायची सोय त्यानं केली नव्हती.

मी कमानीत उभी होते. खरं सांगते, माझा एक पाय बाहेर होता. आमचं सांगलीचं महिला मंडळ सहलीला गेलं असताना मला एका ढाब्यावर विसरून पुढे गेलं होतं, आणि पुढच्या गावात लक्षात येऊनही परत फिरलं नाही, कारण घेतलेली भजी गार झाली असती. तेव्हा मी कुणाचं काही देणं लागत नव्हते. पण तो धबधबा आठवला. मी परत गेले.

बाहेरून कसं दिसलं ते मला नंतर कळलं. भर दुपारी चार माणसं, डोळ्यांवर डबे बांधून, रिकाम्या फरशीकडे पाठ करून गोल उभी, टाळ्या पिटतायत आणि हो हो ओरडतायत. कानातली बाई सांगतेय, "धोका. कृपया बाहेर पडा." वाघाला प्रफुल्लनं दोनच गोष्टी शिकवल्या होत्या: माणूस पळाला तर धरायचा, मागं सरला तर बांबूत जायचं. पळतही नाहीत, जातही नाहीत, अशा माणसांपुढे काय करायचं ते त्याला सांगितलेलंच नव्हतं. त्यानं आमच्याभोवती अकरा फेऱ्या मारल्या, मग खाली बसला आणि जांभई दिली. प्रफुल्ल म्हणतो, जांभई त्यानं घातलेलीच नव्हती. मी पाहिलेली जांभई मला माहीत.

खिडकीतलं हसू कधी थांबलं कोण जाणे. मैनाबाईचा चहा हातात गार झाला होता. समोर तिची जाऊ, घामानं निथळत, काही नसलेल्या जागेला पाठीशी घालून उभी होती. दसरूभाऊ तिला म्हणाले, "सोमारी, टेक जराशी, मी पाहतो."

"नाई. मी तवा नाई थांबली," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही दिसत नव्हतं.

मैनाबाईनं कप खाली ठेवला. "बाबू, त्या डब्याले वायर लाव. कितीक येळ लागते?"

"दहा मिनिटं."

"लाव."

दहा मिनिटं आम्ही चौघं तसेच उभे होतो. प्रफुल्लनं दोनदा सांगितलं, डबे काढून बसा. कुणी काढला नाही. माझे खांदे इतके भरून आले की अजून मला वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. नवऱ्याला काढावा लागतो, आणि ते दुखणं मी इतक्यात बरं होऊ देणार नाही.

मग चार नंबरच्या बाईनं वर केलेला हात खाली घेतला.

"आलीस का व?" सोमारीनं विचारलं.

"हव," मैनाबाई म्हणाली. "चाल आता. वाघ झोपून राह्यला."

वायर भिंतीला होती, ती पुरेना. प्रफुल्ल स्वतः लांब वायरीचा बोर्ड पोटाशी धरून तिच्या मागून करवलीसारखा चालला. पाचही जणांनी एकदम कमान ओलांडली. घंटा वाजली नाही. बाई म्हणाली, "वेळ संपली आहे. आपण सर्व अनुत्तीर्ण झाला आहात."

"काय म्हनते?" दसरूभाऊंनी विचारलं.

"सगळे नापास."

"तिले सांग, पाच गेलो, पाच आलो."

मोहाखाली

पहाटे फटफटलं तेव्हा अंगणात टोपल्यांचा आवाज झाला. मी बाहेर आले तर सोमारी आपली टोपली घेऊन उभी होती, आणि निघत नव्हती. दुसरं दार बंद होतं. गावातल्या बायका येऊन थांबल्या. कुणी हाक मारली नाही. माझी जीभ शिवशिवत होती, पण दसरूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

दार उघडलं. मैनाबाई दोन टोपल्या घेऊन आली, आणि एक माझ्या हातात दिली. "तू बी चाल. डबे पुसन्यापेक्षा बरं हाय."

सिवेवर दसरूभाऊंनी मोठ्यानं माणसं मोजली. मला धरून चौदा. प्रफुल्ल बिस्किटाचा पुडा घेऊन मागून धावत आला, तेव्हा पंधरा. जंगलात शिरलो तर केवढा गोंगाट. वानरं, पोपट, कसली कसली पाखरं. प्रफुल्ल मान वर करून नुसता ऐकत चालला होता. दोनदा झाडाला धडकला.

मैनाबाईच्या पहिल्या झाडाखाली पाच-सहा दिवसांचं फूल पडलेलं. वरचं ताजं, मोत्यासारखं, खालचं काळं झालेलं. भोवती हरणांच्या खुरांचे ठसे. माणसाचं पाऊल एकही नव्हतं. मैनाबाई झाडाखाली गेली आणि थांबली. सोमारी तिच्या मागोमाग गेली, टोपली खाली ठेवली आणि फुलं वेचायला लागायच्या ऐवजी तिच्याकडे पाठ करून उभी राहिली, तोंड जंगलाकडे.

"तुह्या झाडाखालचं कोन वेचन मंग?" मैनाबाईनं विचारलं.

"पडू दे. हरनं हायेत ना."

"लय शहानी हायस." पण मैनाबाई अजून उभीच होती.

मोह वेचायचा तर वाकावं लागतं. कमरेतून पुरतं वाकायचं, डोकं गुडघ्यांशी, नजर मातीत. अशा वेळी पाठीमागून काय येतंय ते वेचणाऱ्याला दिसत नाही. वाघाला वाकलेला माणूस चार पायांचा वाटतो म्हणतात. मी दोन फुलं उचलली आणि चार वेळा मागं पाहिलं. प्रफुल्लनं एक उचललं आणि सहा वेळा.

मैनाबाईनं पदर खोचला आणि वाकली. एका झाडाखालून दुसऱ्या, दुसऱ्याखालून तिसऱ्या, तशी वाकलेलीच सरकत गेली. सोमारी पाठ करून तिच्या बरोबरीनं सरकत राहिली. ऊन वर येईपर्यंत दोन्ही टोपल्या भरल्या. मी मोजत होते, आणि या एका गोष्टीत मी पदरचं काही घालत नाही: मैनाबाईनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.